साठ सेंटिमीटरची तार

वेल्हे, आजची पहाट

रात्रीचा जागर आटोपत आला आहे. मेंगाईच्या देवळाच्या ओट्यावर तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात. समोर तोरण्याचा काळा आकार हळूहळू आभाळापासून सुटा होतो आहे. टाळ पिशवीत गेले, पखवाजावर गवसणी चढली. बुवांचा हात मात्र अजून पेटीवर आहे. उठता उठता त्यांनी जोगियातला एक अभंग धरला आहे. षड्जावरून कोमल रिषभ आणि तिथून थेट मध्यम. मधला गांधार गाळलेला.

नीट कान द्या. कोमल रिषभावर आले की बुवांचा गळा पेटीच्या पट्टीपेक्षा किंचित खाली उतरतो. मध्यमावर पोचले की दोघे पुन्हा एक.

"बुवा, पेटी राहू द्या. नुसत्या वीणेवर घ्या," तुम्ही म्हणता.

बुवा भाता मिटतात. वीणेकरी तार छेडतो, आणि तोच रिषभ आता आणखी खाली जाऊन षड्जाला लगटतो. ओट्यावर पेंगणारी दोन माणसे डोळे उघडतात.

तुमच्या मांडीवर सागाची एक फळी आहे. तिच्यावर तंबोऱ्याची एक पोलादी तार, दोन टोकांना दोन घोड्या, त्यांच्यात बरोबर ६० सेंटिमीटर अंतर. तिसरी घोडी सरकती. पूर्ण तार छेडली की षड्ज. वाजणारी लांबी ४५ सेंटिमीटर ठेवली की मध्यम, ४० ठेवली की पंचम, ३० ठेवली की तार षड्ज. या जागांवरून कुणाचे भांडण नाही. कान त्या लगेच मान्य करतो. कोमल रिषभ मात्र ५६ आणि ५८ यांच्या दरम्यान कुठेतरी आहे. पेटीत सप्तकाचे १२ सारखे भाग पाडलेले असतात, म्हणून तिचा कोमल रिषभ या तारेवर ५६.६३ सेंटिमीटरवर पडतो. बुवा तिथे नाहीत. ते नेमके कुठे आहेत, हा प्रश्न फार जुना आहे. फळी उचला आणि निघा.

तारेंतुम, इ. स. पू. ३७५ च्या सुमारास

दक्षिण इटलीच्या किनाऱ्यावरचे हे ग्रीकांचे शहर. आर्किटस इथला राज्यकर्ता. सेनापती म्हणून लोकांनी त्याला सात वेळा निवडून दिले, प्लेटोशी त्याचा स्नेह आहे आणि पायथागोरसच्या परंपरेतला तो मोठा गणिती आहे. तुमच्या फळीसारखेच साधन ग्रीक पुढे 'कॅनन' या नावाने वापरतील. त्यामुळे इथे तुम्हाला फार समजावून सांगावे लागत नाही.

ग्रीकांचा हिशेब चार स्वरांच्या गटाने चालतो. टेट्राकॉर्ड म्हणतात त्याला. दोन टोकांचे स्वर पक्के, आपल्या षड्ज-मध्यमासारखे. त्यांचे गुणोत्तर ४:३. मधले दोन स्वर हलते. ते कुठे ठेवाल त्यावर गटाची जात ठरते: डायाटॉनिक, क्रोमॅटिक, एन्हार्मोनिक. यातली शेवटची जात सर्वांत जुन्या मानाची आणि गायला सर्वांत अवघड. तिच्यात मधले दोन्ही स्वर तळाच्या स्वराला चिकटून बसतात आणि वर मोठी मोकळी जागा उरते.

आर्किटसने या जातीची गुणोत्तरे मांडली आहेत: २८:२७, ३६:३५ आणि ५:४. ती तुमच्या तारेवर उतरवा. ६० ला २८ ने भागून २७ ने गुणा: ५७.८६. त्याला ३६ ने भागून ३५ ने गुणा: ५६.२५. त्याला ५ ने भागून ४ ने गुणा: ४५. बरोबर मध्यमावर येऊन थांबलात.

आता घोडी सरकवत चारही स्वर वाजवा. षड्ज. मग २ सेंटिमीटरांहून किंचित जास्त सरकून पहिला स्वर. आणखी १६ मिलिमीटर सरकून दुसरा. आणि तिथून एकदम मध्यम. तुमच्या अंगावर काटा येतो, कारण ही चाल तुम्ही थोड्या वेळापूर्वी वेल्ह्यात ऐकली आहे. गांधार गाळलेला आहे आणि रिषभ एकाऐवजी दोन आहेत. पंचमापासून हेच पुन्हा करा: ४०, ३८.५७, ३७.५, ३०. प्रत्येक जोडीतला एकच स्वर ठेवा, की हाती येतात सा, कोमल रे, म, प, कोमल ध, सां. जोगियाचा आरोह आणि गुणकलीचा सांगाडा तो हाच.

ग्रीकांची स्वतःची आठवणही तेच सांगते. ऑलिंपस नावाच्या पुरातन वादकाने वाजवता वाजवता एक स्वर गाळला, त्यातला गोडवा त्याला भावला आणि त्यातून ही जात निघाली. तळाच्या अर्ध्या स्वराचे दोन तुकडे पुढच्या लोकांनी केले, असे त्यांच्यात सांगितले जाई. म्हणजे आधी पाच स्वरांची उडीची चाल आणि मग सूक्ष्म स्वर. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्यांच्या सप्तकाचा 'मेसे' नावाचा मधला स्वर चालीचा आधार मानला जाई. चाल पुन्हा पुन्हा तिथे येई. आपल्या मांडणीत तो मध्यमावर येतो. आणि जोगियाचा वादी मध्यमच आहे.

ही चाल इकडून तिकडे गेली की तिकडून इकडे आली, या वादात शिरू नका. त्याला पुरावा नाही आणि गरजही नाही. मध्यम आणि पंचम मानवी कानाला आपोआप सापडतात. त्यांच्यामधली मोकळी जागा कशी भरायची, हा निर्णय तेवढा माणसाचा.

अथेन्स आणि अलेक्झांड्रिया

चाळीस-पन्नास वर्षे पुढे या. अथेन्समध्ये तारेंतुमचाच एक मुलगा, आता ॲरिस्टॉटलचा शिष्य, तुमच्या फळीकडे नाराजीने पाहतो. हा ॲरिस्टॉक्सेनस. स्वर म्हणजे तारेची लांबी नव्हे, तो गाणाऱ्याच्या गळ्यात आणि ऐकणाऱ्याच्या कानात घडतो, असे त्याचे सांगणे. गुणोत्तरे तो बाजूला ठेवतो आणि स्वरांमधली अंतरे कानाने तोलतो. त्याची दुसरी तक्रारही ऐका: आजकालचे लोक एन्हार्मोनिक टाळतात, सूक्ष्म स्वर वर ओढून चाल गुळगुळीत करतात. पेटीच्या काळ्या पट्टीने रिषभ वर ओढला जाताना बुवांना जे खटकले, तेच याला खटकते आहे.

आणखी पाचशे वर्षे ओलांडा. इ. स. १५० च्या सुमारास अलेक्झांड्रियात टॉलेमी 'हार्मोनिक्स' लिहितो आहे. ग्रहगोलांचा हा अभ्यासक गाण्याकडे वळतो तेव्हा आठ तारांचा कॅनन बनवतो. एका तारेवर स्वर एकामागून एक ऐकावे लागतात. आठ तारांवर चाल वाजवता येते. त्याची पद्धत सरळ आहे. बुद्धीने गुणोत्तर मांडायचे, ते तारेवर उतरवायचे आणि मग गाण्याची समज असलेल्या कानापुढे ठेवायचे. कानाने नाकारले तर गुणोत्तर बाद. आर्किटसचे आकडे आपल्यापर्यंत पोचले ते टॉलेमीने लिहून ठेवले म्हणूनच. आणि तोच टॉलेमी प्रामाणिकपणे नोंदवतो की त्याच्या काळच्या कानांना एन्हार्मोनिक रुचत नाही.

त्याने पसंत केलेली एक डायाटॉनिक रचना तुमच्या तारेवर लावून पाहा: १६:१५, ९:८, १०:९. षड्जानंतरचा पहिला स्वर ५६.२५ वर. आर्किटसचा वरचा रिषभही तिथेच होता. ही जागा लक्षात ठेवा.

प्लेटोने 'टिमेयस'मध्ये दिलेली जागा वेगळी आहे. मध्यमातून दोन पूर्ण स्वर वजा केले की जे उरते ते २५६:२४३. तारेवर ५६.९५. आता फळीवर तीन खुणा झाल्या: ५७.८६, ५६.९५, ५६.२५. पहिल्या दोहोंत ९ मिलिमीटर, दुसऱ्या दोहोंत ७. पेटीची पट्टी शेवटच्या दोहोंच्या मध्ये, कुठल्याच खुणेवर नाही.

देवगिरी, इ. स. १२३० च्या सुमारास

आता घरी या. दौलताबादचा किल्ला अजून देवगिरी आहे. यादवांचा राजा सिंघण गादीवर आहे आणि त्याच्या दरबारी हिशेबाचे काम पाहणारा शार्ङ्गदेव 'संगीतरत्नाकर' लिहितो आहे. आजोबा काश्मिरातून आलेले; नातवाने भारतीय संगीताचा सर्वांत मोठा ग्रंथ महाराष्ट्राच्या मातीत रचला.

त्याच्यासमोर दोन वीणा आहेत, प्रत्येकीला २२ तारा. एकीच्या तारा पक्क्या, ती ध्रुव वीणा. दुसरीच्या उतरवायच्या, ती चल वीणा. सर्वांत खालची तार लावली. पुढची तिच्याहून इतकीच वर की दोहोंच्या मध्ये तिसरा नाद कानाला सापडू नये. अशा २२ श्रुती. मग चल वीणा एकेक श्रुतीने उतरवायची. दुसऱ्या उतरणीला तिचे गांधार आणि निषाद ध्रुव वीणेच्या रिषभ-धैवतांत मिसळतात. तिसऱ्या उतरणीला रिषभ-धैवत षड्ज-पंचमांत मिसळतात. चौथ्या उतरणीला षड्ज, मध्यम आणि पंचम हे निषाद, गांधार आणि मध्यमांत. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'तला प्रयोग त्याने तारांवर असा पक्का केला.

फळी पुढे करून तुम्ही गुणोत्तर विचारलेत तर उत्तर मिळणार नाही. या प्रयोगात एकही अपूर्णांक नाही. दोन नाद एकमेकांत विरघळले की नाहीत, एवढेच विचारले आहे. ॲरिस्टॉक्सेनस इथे असता तर त्याला घरी आल्यासारखे वाटले असते. तारेची लांबी सांगून स्वर नेमण्याचे काम आपल्याकडे सतराव्या शतकात अहोबलाच्या 'संगीतपारिजाता'त झाले.

भोर संस्थान, १९१०

पुन्हा वेल्ह्यात उतरा, पण हे वेल्हे भोरच्या पंतसचिवांच्या राज्यात, प्रचंडगड तालुक्यात आहे. प्रचंडगड म्हणजे तोरणाच. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवन मावळ आणि घाटाखालचा सुधागड असे संस्थानाचे पाच तालुके. तुम्हाला पुण्याला जायचे आहे आणि वाट नसरापुरावरून जाते.

नसरापूरला बनेश्वराच्या झाडीत थांबा. देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधलेले. तिथली घंटा मात्र युरोपीय घडणीची, १६८३ सालची. वसईच्या स्वारीनंतर चिमाजी अप्पांनी आणलेल्या घंटांपैकी ही एक. टोल द्या आणि नाद विरेपर्यंत उभे राहा. अशा घंटेत मूळ स्वराच्या वर कोमल गांधाराच्या आसपासचा एक स्वर स्वतंत्रपणे घुमत राहतो. त्या नादाशी सूर लावायला गेलात तर तारेवरच्या तुमच्या खुणा उपयोगी पडत नाहीत. पायथागोरसने लोहाराच्या हातोड्यांचे वजन करून स्वरांची गुणोत्तरे शोधली, ही गोष्ट शेकडो वर्षे सांगितली गेली, आणि ती धातूच्या बाबतीत खोटी आहे. १२, ९, ८, ६ ही गुणोत्तरे तारेची आहेत. हातोड्याची किंवा घंटेची नाहीत. म्हणून कुठल्याही स्वरशास्त्राला आधी विचारावे: हे कशावर वाजवून पाहिले?

पुण्यात तुम्हाला नुकतेच छापलेले एक पुस्तक मिळते: 'द हिंदू म्युझिकल स्केल अँड द ट्वेंटी-टू श्रुतीज'. लेखक कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. देवलांनी हा प्रश्न थेट एका गळ्याला विचारला. गळा होता अब्दुल करीम खाँसाहेबांचा. खाँसाहेब स्वर लावणार, देवल तारेवर तो पकडून लांबी मोजणार. ज्या देशात श्रुतींवर शेकडो वर्षे नुसती टीकेवर टीका लिहिली गेली, तिथे एका मराठी माणसाने टॉलेमीसारखी मोजपट्टी हाती घेतली, आणि ॲरिस्टॉक्सेनसच्या मनासारखा कान शेजारी बसवला.

या वाटेने पुढे जे २२ श्रुतींचे कोष्टक रूढ झाले, त्यात षड्जानंतरची पहिली श्रुती आहे २५६:२४३ आणि दुसरी १६:१५. तुमच्या फळीवरच्या ५६.९५ आणि ५६.२५ या खुणा. प्लेटोची आणि टॉलेमीची. त्यांच्यातले ८१:८० हे अंतर ग्रीक गणितात जसे वारंवार येते, तसेच आपल्या कोष्टकातही.

जोगियातल्या ज्या ठुमरीने खाँसाहेबांचे नाव ध्वनिमुद्रिकेतून घरोघरी गेले, तिच्यातला रिषभ ऐकलेला माणूस या ७ मिलिमीटरांना क्षुल्लक म्हणणार नाही.

बडोदे, मार्च १९१६

सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली आहे. पुढच्या रांगेत विष्णू नारायण भातखंडे आहेत. देवल आहेत, आणि त्यांचे सहकारी ई. क्लेमेंट्स, सनदी सेवेतले इंग्रज अधिकारी. त्यांचे भारतीय संगीतावरचे पुस्तक १९१३ मध्ये निघाले. २२ श्रुतींची खास पेटी मांडली जाते, उस्तादांचे गळे तिच्याशी ताडून पाहिले जातात, आणि वाद पेटतो. एकमत होत नाही.

या सभेत तुम्ही कुणाच्या बाजूने बसाल? भातखंड्यांना भीती होती की गुणोत्तरांच्या मागे लागून रागाचे चालते-बोलते रूप हरवेल. देवलांना भीती होती की मोजमाप केले नाही तर १२ पट्ट्यांची पेटी सगळे सूक्ष्म स्वर पुसून टाकेल. शंभर वर्षांनंतर पाहता दोन्ही भीती खऱ्या ठरल्या आहेत. १९६३ साली नझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी वाद्यांवरचे स्वर मोजून दाखवले की ते नेमक्या गुणोत्तरांवर खिळलेले नसतात. आणि गावोगावच्या भजनांत पेटीच्या पट्टीने गळे सरळ केले, हेही तितकेच खरे. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी बनवली, ती याच दुसऱ्या दुखण्यावरचा उपाय म्हणून.

भोर, आजची संध्याकाळ

नीरेच्या काठी बसा आणि आता चाल बांधायला घ्या. फळीवर खुणा आहेत. एवढ्या पुरे.

पहिले काम तंबोऱ्याचे. पहिली तार पंचमात न लावता मध्यमात लावा, कारण या चालीचे घर मध्यम आहे. जवारीचा जीव सरकवा, नाद मोकळा होईपर्यंत. मग तीन रिषभ एकेक करून मध्यमाशी जुळवून पाहा. ५६.२५ चा रिषभ मध्यमाशी ५:४ या नात्यात बसतो. तिथे चाल विसावते. ५६.९५ चा रिषभ ८१:६४ च्या ताणात उभा राहतो; तिथून मध्यमाकडे जायची ओढ लागते. ५७.८६ चा, आर्किटसचा, मध्यमाशी ९:७ करतो. यात सात हा आकडा आला. आपले रूढ कोष्टक २, ३ आणि ५ याच आकड्यांनी बांधलेले आहे, म्हणून हा स्वर त्यात नाही. सुरुवातीला तो बेसूर वाटेल. घाई करू नका. तंबोरा चालू ठेवून तो षड्जावरून खाली-वर घासत आणा. एका जागी त्याचा खरखरीतपणा निघून जातो आणि तो षड्जाचीच सावली होऊन उभा राहतो.

मग नेम ठरवा. चढताना ५६.२५, उतरताना ५६.९५, आर्किटसचा रिषभ फक्त षड्जावर टेकण्यापूर्वी, एका श्वासापुरता. धैवताला तोच न्याय: ३७.५, ३७.९७, ३८.५७. तिन्ही जागा एकाच ओळीत वापरू नका. ऐकणाऱ्याला एक जागा पक्की कळू द्या, मगच ती हलवा. अवरोहात जोगियासारखा निषाद घ्यायचा की ग्रीकांसारखी उडी ठेवायची, हे शब्द ठरवतील. आणि लय धीमी असू द्या. सूक्ष्म स्वराला कानात उतरायला वेळ लागतो. द्रुत लयीत तो नुसती चूक वाटतो.

संगणकावर हे सगळे एका क्षणात लावता येते. गुणोत्तर लिहा, स्वर वाजतो. पण तारेंतुमपासून बडोद्यापर्यंत जे काही टिकले, ते कुणीतरी तारेवर वाजवून, दुसऱ्या कुणाच्या कानाने मान्य केल्यावर टिकले. बुवांचा रिषभ कुठे आहे, हेही तसेच कळते. तो एका खुणेवर बसलेला नाही. चढताना एक जागा, उतरताना दुसरी. आकड्याचे काम ती जागा ठरवायचे नाही. सापडलेली जागा उद्या पुन्हा सापडावी आणि दुसऱ्याला दाखवता यावी, यासाठी आकडा हवा, आणि त्यासाठी तो फार हवा.

म्हणून भोर-वेल्ह्याच्या प्रत्येक शाळेत आणि भजनी मंडळात अशी एक फळी असावी. सुताराकडून एक दिवसात होते. तार, तीन घोड्या, एक खुंटी आणि मोजपट्टी, एवढेच सामान. पेटी शिकण्याआधी मुलांनी तिच्यावर मध्यम आणि पंचम स्वतः शोधावेत, मग गावातल्या जुन्या बुवांना समोर बसवून त्यांचा रिषभ मोजावा आणि वहीत लिहून ठेवावा. देवलांनी एका गळ्यासाठी केलेले काम आपण शंभर गळ्यांसाठी करू शकतो. ते गळे आहेत तोवरच ते करायला हवे.